गावाने भोंगा वाजवला, कंपनीने काय केले?

महाराष्ट्रात वडगाव नावाची गावे पुष्कळ आहेत. त्यांपैकी सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातले मोहित्यांचे वडगाव २०२२ साली देशभर गाजले. त्या वर्षीच्या ऑगस्टपासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की गावातले टीव्ही आणि मोबाईल बंद, ते साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंत. मुलांनी तेवढ्या दीड तासात अभ्यास करायचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने आणखी पुढे जाऊन १८ वर्षांखालील मुलांनी मोबाईल वापरायचाच नाही असा ठराव केला. वर्तमानपत्रांनी दोन्ही गावांचे कौतुक केले आणि ते काम कौतुकाचेच होते. करोनाच्या दोन वर्षांत मुले मोबाईलला चिकटली होती, त्यांना सोडवायला कोणीतरी पुढे येणे आवश्यक होते.

परंतु त्या कौतुकात एक प्रश्न विचारायचा राहून गेला. ज्याच्या मालाने हे दुखणे घरात आणले, त्याने काय केले? गावाने भोंगा वाजवला, आईने फोन काढून घेतला, गुरुजींनी समज दिली. कंपनीने काय केले?

हा प्रश्न दुसऱ्या एका वडगावासमोर ठेवून पाहू. बारामती तालुक्यातले वडगाव निंबाळकर. नीरा-बारामती रस्त्यावरचे, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उभ्या असलेल्या उसाच्या मुलखातले. एका अंगाला सोमेश्वर कारखाना, दुसऱ्या अंगाला माळेगाव कारखाना. दिवाळी सरली की बीड आणि नगरकडचे कोयते या भागात उतरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, हा हिशेब आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. त्या जोडीबरोबर दोन-तीन पोरे येतात, आणि आता त्या पोरांबरोबर एक मोबाईल येतो. पहाटे आई-बाप फडात गेले की कोपीत थांबणाऱ्या थोरल्या मुलीच्या ताब्यात धाकटी भावंडे असतात आणि भावंडांना गप्प बसवायला तो मोबाईल असतो. उसाच्या तुऱ्यांच्या वर पाहिले तर टॉवर दिसतो.

या टॉवरविषयी आपल्या वस्त्यांमध्ये एक भीती आहे. टॉवरने कॅन्सर होतो, चिमण्या मरतात, पोटातल्या बाळाला धोका होतो असे बोलले जाते. ही भीती अडाणीपणाची म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे. मुंबईत मलबार हिलवर सह्याद्री अतिथिगृहाच्या छपरावरील अँटेनांविरुद्ध अभिनेत्री जुही चावला यांनी आवाज उठवला तेव्हा त्या भीतीला कोणी अडाणी म्हटले नव्हते. तेव्हा ती बातमी झाली. पुढे २०२१ साली त्यांनी फाईव्ह-जी विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला, न्यायालयाने तो फेटाळून २० लाखांचा दंड ठोठावला आणि २०२२ मध्ये तो २ लाखांवर आणला, हा भाग वेगळा. मुद्दा असा की श्रीमंताची शंका ही जागरूकता ठरते आणि गरिबाची शंका अंधश्रद्धा ठरते. म्हणून आपण ही शंका नीट तपासली पाहिजे. बाबासाहेबांचा अनुयायी ऐकीव गोष्टीवर विसंबत नाही. तो पुरावा मागतो, आणि हातात आलेला पुरावा आपल्या सोयीचा नसला तरी स्वीकारतो.

पुरावा काय सांगतो? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये मोबाईलच्या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात, म्हणजे २-ब गटात टाकले. त्यावरून बोंबाबोंब झाली. पण त्या गटाचा अर्थ एवढाच की शंकेला जागा आहे, पुरावा अपुरा आहे. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. तंबाखू, दारू आणि सुपारी मात्र पहिल्या गटात आहेत, ज्यांनी कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे. नंतर याच आरोग्य संघटनेने करवून घेतलेला एक मोठा आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६३ अभ्यास तपासले गेले आणि मोबाईलचा वापर व मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. टॉवरची लहर अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होत जाते. अंतर दुप्पट झाले की तिची तीव्रता चौथाईवर येते. शरीरात शिरणाऱ्या लहरींचा मोठा वाटा टॉवरचा नसतो, तो कानाला लावलेल्या फोनचा असतो. आणि टॉवर लांब असला, रेंजची एकच काडी दिसत असली, की तो फोन टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी जास्त जोर लावतो. म्हणजे टॉवर हटवला तर कानाशी येणाऱ्या लहरी वाढण्याचाच संभव. हे कंपनीच्या बाजूचे बोलणे वाटेल. पण जे खरे आहे ते कंपनीच्या फायद्याचे असले म्हणून खोटे होत नाही.

आता कंपनीच्या तोट्याचे खरे पाहू. टॉवरच्या पायथ्याशी एक डबा असतो. त्यात डिझेलवर चालणारे जनरेटर असते. वीज गेली की ते धडधडू लागते आणि लगतच्या घरांत काळा धूर शिरतो. ज्या कर्करोग संशोधन संस्थेने मोबाईलच्या लहरींना २-ब गटात टाकले, तिनेच जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला पहिल्या गटात टाकले. तंबाखूच्या पंक्तीला! ज्या लहरी दिसत नाहीत त्यांना आपण भ्यालो, आणि जो धूर डोळ्यांत जातो त्याच्याविषयी ठराव केला नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०१२ मध्ये कंपन्यांना सांगितले होते की २०१५ पर्यंत ग्रामीण भागातले निम्मे टॉवर आणि २०२० पर्यंत पाऊणपट टॉवर सौर किंवा तत्सम ऊर्जेच्या जोडीवर चालवा. आपल्या वस्तीजवळचा टॉवर त्या पाऊणपटात बसतो की उरलेल्या पावात, हे विचारायला शास्त्रज्ञ लागत नाही. नाक आणि कान पुरेत.

लहरींच्या बाबतीतही सरकारने नियम केला. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश करण्यात आली. हँडसेटची शोषणमर्यादा किलोमागे १.६ वॅट ठरली. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबले की बहुतेक फोन आपला आकडा दाखवतो. मर्यादा मोडणाऱ्या कंपनीला टॉवरच्या एका संचामागे १० लाखांचा दंड आहे. कागदावर हे सारे उत्तम आहे. पण मर्यादा पाळल्याचे प्रमाणपत्र कोण देतो? कंपनी स्वतःच देते. सरकारी खाते त्यांतल्या थोड्या टॉवरची तपासणी करते. नागरिकाला शंका असेल तर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘तरंग संचार’ या सरकारी व्यवस्थेतून मोजणी मागता येते, मात्र त्यासाठी ४,००० रुपये भरावे लागतात. ऊसतोड करणाऱ्या बाईने भरायचे ४,००० रुपये! ज्याने टॉवर उभारला, जो टॉवरवर कमावतो, त्याने आपल्या कागदावर सही करायची, आणि ज्याच्या छपरावर त्याची सावली पडते त्याने शंका घेण्याचेही पैसे मोजायचे. टॉवरचे भाडे जमीनमालकाला मिळते आणि भूमिहीनाच्या वाट्याला धूर येतो, हे तर ओघाने आलेच.

गावाला विचारण्याची पद्धतही मोडत आली आहे. २०२२ च्या नियमदुरुस्तीने खासगी जागेवर टॉवर उभारताना स्थानिक संस्थेची परवानगी घेण्याची गरज उरली नाही, लेखी कळवले की झाले. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या चिखलहोळ ग्रामपंचायतीने टॉवरविरुद्ध केलेला ठराव मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केला, कारण लहरींपासून अपाय होतो असा शास्त्रीय पुरावा ग्रामपंचायतीकडे नव्हता. याउलट ग्वाल्हेरमध्ये एका घरकामगाराने, शेजारच्या छपरावरील टॉवरमुळे आपल्याला कर्करोग झाला अशी तक्रार नेली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो बीएसएनएलचा टॉवर बंद करण्याचा आदेश दिला होता. न्यायालयाचा आदेश हा विज्ञानाचा पुरावा नसतो, हे मान्य. पण दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणारा माणूस सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन एका टॉवरचे बटण बंद करवू शकतो, हेही त्या प्रकरणात दिसले.

टॉवरचे प्रकरण आमच्या मते इथपर्यंतच. मोजणी फुकट करून मागावी, धूर थांबवायला लावावा, आणि भीती पुराव्याएवढीच ठेवावी. आपल्या मुलांना खरी इजा त्या लोखंडी सांगाड्याने होत नाही. ती हातातल्या काचेतून होते. आणि तिथे पुरावा अपुरा नाही.

तो फोन आपल्या घरात आला कसा, ते आठवून पाहा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने फुकट नेट वाटायला सुरुवात केली. ऊसतोड कामगाराला फुकटाचा अर्थ फार चांगला कळतो. मुकादम हंगामाआधी उचल देतो तेव्हा तीही हातात फुकट आल्यासारखीच वाटते. पुढे हंगामच्या हंगाम ती फिटत नाही. नेटचेही तेच झाले. सवय लागली, मग दर वाढू लागले, जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या कंपन्यांनी एकाच सुमारास रिचार्ज महाग केले. ज्या बाईला केवळ बीडच्या सासूशी बोलायचे आहे तिलाही नेटसकटचे रिचार्ज घ्यावे लागत होते. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामकाने कंपन्यांना बजावले की फक्त बोलण्याचे आणि एसएमएसचे पॅकही विका. म्हणजे मुलाच्या हातात नेट नको असे ज्या आईला वाटते, तिला ते न घेण्याची सोय मिळायला इतकी वर्षे लागली. दुकानदार आजही तो पॅक आपणहून सांगत नाही, विचारावा लागतो.

दुसरा धक्का २०२० चा. शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाईलवर गेले. ज्यांच्याकडे मोबाईल नव्हता त्यांचे काय झाले? केरळात मलप्पुरम जिल्ह्यात दहावीतल्या एका दलित मुलीने जून २०२० च्या पहिल्याच दिवशी आत्महत्या केली. ऑनलाईन वर्ग सुरू झाला होता आणि तिच्या घरचा टीव्ही नादुरुस्त होता, स्मार्टफोन नव्हता. तेव्हा आई-बापांनी कर्ज काढले, शेळी विकली, पण फोन घेतला. आपल्या समाजाने तो चैनीसाठी घेतलेला नाही. शिका म्हणून सांगणाऱ्या बापाची लेकरे आपण, शिक्षण फोनमध्ये आहे म्हटल्यावर आपण फोन घेतला.

आणि त्या फोनमध्ये काय होते? ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने करोनाकाळात ४९ देशांच्या सरकारांनी मुलांसाठी पुरस्कारलेली शिक्षणाची ॲप व संकेतस्थळे तपासली. मे २०२२ च्या त्यांच्या अहवालानुसार दहापैकी जवळजवळ नऊ ठिकाणी मुलांची माहिती गोळा करण्याचे, त्यांच्यावर पाळत ठेवण्याचे प्रकार आढळले. आपल्या केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ ॲप त्यात होते. मूल कोठे आहे हे ते अचूक टिपू शकत होते. पुढे जानेवारी २०२३ मध्ये उघड झाले की याच दीक्षाची दहा लाखांहून अधिक शिक्षकांची आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती कुलूप नसलेल्या सर्व्हरवर उघडी पडली होती. शाळेत घालताना आपण जन्मतारीख देतो, जातीचा दाखला देतो. ती माहिती गुरुजींच्या कपाटात राहील या विश्वासाने देतो.

जाहिराती, पैशांचे खेळ, कर्जाची ॲप यांवर स्वतंत्र लेख होईल. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली, तोपर्यंत किती घरांची उचल त्यात बुडाली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. इथे मला एकाच गोष्टीवर थांबायचे आहे, ती म्हणजे मुलगी.

मुलीचा फोटो कोणीतरी उचलतो, त्यावर दुसरे शरीर चिकटवतो आणि धमकी देतो. किंवा गोड बोलून तिच्याकडूनच फोटो मागवतो आणि मग पैसे मागतो. मुलगी घरी सांगत नाही, कारण सांगितले की काय होणार हे तिला माहीत असते. फोन जातो, मग शाळा जाते, मग स्थळ येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या विवाहित-अविवाहित अशा सर्व स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. बीड जिल्ह्यात हा आकडा ४३.७ टक्के होता. सोमेश्वरच्या, माळेगावच्या फडात उतरणारे कोयते त्याच बीडचे. मुलगी कोपीत एकटी सुरक्षित नाही म्हणून लग्न उरकायचे, हे कारण पूर्वीपासून होतेच. त्याला आता मोबाईलचे कारण जोडले गेले आहे. गुन्हा कोणा अनोळखी माणसाचा, त्याला रस्ता करून दिला कंपनीने, आणि शिक्षा भोगते सातवीतली मुलगी.

म्हणूनच सरसकट बंदीच्या बाजूने आम्ही नाही. गुजरातेत बनासकांठा जिल्ह्यात २०१९ मध्ये ठाकोर समाजाच्या पंचांनी १२ गावांत अविवाहित मुलींना मोबाईल वापरण्यास मनाई केली होती. बंदी म्हणतात ती अशी उतरते, आधी मुलीवर. शिवाय आपल्या माणसाच्या हातात फोन असणे कोणाच्या डोळ्यांत खुपते हेही आपल्याला ठाऊक आहे. शिर्डीत २०१५ मध्ये एका तरुण विद्यार्थ्याचा फोन वाजला, रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची होती, आणि त्यावरून त्याचा खून झाला. खैरलांजीचे अत्याचार २००६ मध्ये मोठ्या वर्तमानपत्रांनी दाबले तेव्हा ती बातमी कार्यकर्त्यांच्या एसएमएसने आणि ईमेलने गावोगाव गेली होती. जे साधन आपल्या हातात आवाज देते ते आपण खाली ठेवायचे आणि ज्याने ते धोक्याचे बनवले त्याने मात्र धंदा चालू ठेवायचा, हा कुठला न्याय?

उसाच्या मुलखातल्या वाचकाला एक उदाहरण पुरे आहे. रसवंतीच्या चरकात पोराचा हात गेला तर आपण पोराच्या आईला विचारतो का, की तू लक्ष का ठेवले नाहीस? विचारणारे विचारतात. पण कायदा मालकाला विचारतो, जाळी कुठे आहे? १९४८ च्या कारखाना कायद्याने फिरत्या यंत्राला कुंपण घालण्याची जबाबदारी कारखानदारावर टाकली होती. कामगार सावध नव्हता, ही सबब तिथे चालत नसे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी कामाच्या तासांपासून खाणीतल्या बायांपर्यंत जे जे केले, त्याच्या मुळाशी हीच दृष्टी होती की ज्याचे यंत्र आणि ज्याचा नफा, त्याचीच जबाबदारी. १९४७ मधील ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी बजावून ठेवले आहे की सरकारने हात काढून घेतला म्हणजे माणूस स्वतंत्र होत नाही, तो खासगी मालकाच्या सत्तेखाली जातो. मोबाईलच्या पडद्यावर आज हेच चालले आहे.

कायद्याने मालकाला जाळी बसवायला लावली का? इतिहास लांब आहे, थोडक्यात सांगतो. डिसेंबर २००४ मध्ये दिल्लीतल्या दोन शाळकरी मुलांची चित्रफीत बाझी डॉट कॉम या संकेतस्थळावर विक्रीला आली. कंपनीच्या प्रमुखाला अटक झाली. उद्योगजगत हादरले, आणि त्यातून काय निघाले? २००८ च्या दुरुस्तीत कलम ७९ चे संरक्षण रुंद झाले. माल दुसऱ्याने टाकला, आम्ही केवळ मधले, असे कंपनीला म्हणता येऊ लागले. आणि २०१२ मध्ये त्या प्रमुखावरचा माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा खटला सर्वोच्च न्यायालयात रद्द झाला, कारण खुद्द कंपनीला आरोपी केलेलेच नव्हते. त्याच २००८ च्या दुरुस्तीने कलम ६७-ब आले आणि मुलांचे अश्लील चित्रण हा स्वतंत्र गुन्हा ठरला, हे चांगले झाले. परंतु गुन्हेगार म्हणून डोळ्यांसमोर राहिला तो फोटो पाठवणारा पोरगा. ज्या गाडीतून माल गेला तिचा मालक दिसेनासा झाला.

ही वाट २३ सप्टेंबर २०२४ ला थोडी बदलली. सर्वोच्च न्यायालयाने ‘जस्ट राइट्स फॉर चिल्ड्रेन अलायन्स’च्या खटल्यात सांगितले की असे चित्रण जवळ बाळगणे हाही गुन्हा होऊ शकतो, त्याला ‘पोर्नोग्राफी’ म्हणू नका, तो बालकावरचा लैंगिक अत्याचार आहे. आणि कंपन्यांसाठी महत्त्वाचे असे सांगितले की पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवण्याचे कर्तव्य जी कंपनी पाळत नाही तिला कलम ७९ चे छत्र मिळणार नाही. अमेरिकेतल्या संस्थेला कळवले, आमचे काम संपले, असे आता चालणार नाही. या निकालाची जितकी चर्चा आपल्या वस्त्यांत व्हायला हवी होती तितकी झाली नाही.

दुसरा कायदा २०२३ चा, डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा. त्याच्या कलम ९ प्रमाणे १८ वर्षांखालील मुलाची माहिती पालकांच्या पडताळलेल्या संमतीशिवाय घेता येणार नाही, मुलावर पाळत ठेवता येणार नाही, त्याला हेरून जाहिरात दाखवता येणार नाही. दंड २०० कोटींपर्यंत. पण नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि कंपन्यांना तयारीसाठी दीड वर्षाची मुदत मिळाली. कोयता एक दिवस गैरहजर राहिला तर मुकादम खाडा लावतो! आणि संमती घेणार कोणाची? जो बाप अंगठा करतो, ज्याचा फोन त्याची मुलगीच चालवते, त्याची संमती त्याच फोनवर ती मुलगीच देऊन टाकील. इथे कागदी संमती काढून घेऊन जबाबदारी पुन्हा पालकाच्या गळ्यात घालण्याचा धोका मोठा आहे. संमती असो वा नसो, मुलाच्या हिताला बाधक असा वापर कंपनीने करायचाच नाही, ही त्या कलमातली ओळ आपण धरून ठेवली पाहिजे.

बाहेरचे देश काय करतात? अमेरिकेच्या सिनेटसमोर ३१ जानेवारी २०२४ ला मेटाचे मार्क झुकरबर्ग उभे राहिले आणि मागे बसलेल्या आई-बापांकडे वळून त्यांनी झाले त्याबद्दल खेद व्यक्त केला. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. या बंदीतले आम्हाला पटते ते एवढेच की दंड मुलाला नाही, आई-बापाला नाही, कंपनीला आहे, पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात. बान्सीच्या ठरावात आणि या कायद्यात फरक आहे तो दंड कोणाच्या खिशातून जातो याचा.

आपल्याकडे जातीचा पदर वेगळा आहे. दलित मुलगी नाचतानाचा व्हिडिओ टाकते, त्याखाली जातीवरून काय लिहिले जाते ते वाचवत नाही. तक्रार केली तर ‘नियमभंग आढळला नाही’ असे उत्तर येते. दलित महिलांच्या पुढाकाराने चालणाऱ्या इक्वॅलिटी लॅब्ज या संस्थेने २०१९ च्या अहवालात फेसबुकवरचा जातीय द्वेष पुराव्यासह मांडला होता. २०२१ मध्ये फ्रान्सेस हॉगन या कंपनीतल्याच बाईने कागदपत्रे बाहेर काढली. त्यातून कळले की खोटी माहिती ओळखण्यासाठीच्या खर्चापैकी ८७ टक्के एकट्या अमेरिकेसाठी आणि उरलेल्या साऱ्या जगासाठी १३ टक्के होते. भारताच्या २२ अधिकृत भाषांपैकी अवघ्या पाच भाषा यंत्राला शिकवल्याचे कंपनीने तेव्हा सांगितले. शिवी कळायला भाषा कळावी लागते. जातीची शिवी कळायला गावही कळावे लागते. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये सांगितले की इंटरनेटवरून केलेल्या जातीय अपमानालाही अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. तो निकाल लिहिणाऱ्याला गाठतो. दाखवणाऱ्याला गाठणारा निकाल अजून यायचा आहे, आणि तो आणायला आपले वकील बंधू-भगिनी समर्थ आहेत.

तोपर्यंत वडगाव निंबाळकरसारख्या गावात काय करता येईल? गावात पोलीस ठाणे आहे. मुलीला धमकी आली तर फोन फोडू नये, संदेश पुसू नयेत, तोच पुरावा असतो. १९३० वर किंवा मुलांसाठीच्या १०९८ वर फोन करावा आणि ठाण्यात पॉक्सोखाली तक्रार द्यावी. मुलीचा जबाब तिच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो, हे कलम २४ सांगते. कोपी हेही घरच आहे. तक्रारीत ज्या ॲपवरून प्रकार घडला त्या कंपनीचे नाव लिहून घ्यावे, आणि कंपनीने पोलिसांना कळवले होते का हे तपासण्याची मागणी त्याच अर्जात करावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालानंतर हा प्रश्न नुसता विचारला गेला तरी कागदावर राहतो.

ग्रामसभेत टॉवरचा विषय निघेल तेव्हा कॅन्सरच्या ठरावाऐवजी तीन गोष्टी मागाव्यात असे मला वाटते. लहरींची मोजणी कंपनीच्या खर्चाने होऊन आकडा मराठीत टॉवरच्या फाटकावर लागावा, जनरेटरच्या जागी सौर जोड यावी, आणि गावात सिमकार्ड विकणाऱ्या प्रत्येक दुकानात नेट नसलेल्या पॅकची किंमत पाटीवर दिसावी. यातली एकही मागणी न्यायालयात पुराव्याअभावी पडण्यासारखी नाही. साखर कारखान्यांनाही विचारायला हवे. मोळी गव्हाणीत पडल्यापासून गाळपाचा प्रत्येक टन मोजला जातो, मग कोप्यांवर किती मुली थांबल्या आहेत आणि त्यांतल्या किती शाळेत जातात, हे हंगामाच्या आरंभीच का मोजू नये?

आपल्या विहारांत आणि वस्तिगृहांत संध्याकाळी मुले जमतात. तिथे ताई-दादांनी आठवड्यातून एकदा मुलांच्या फोनमधल्या परवानग्या उघडून बसावे. कोणते ॲप कॅमेरा मागते, कोणते ठावठिकाणा मागते, ते मुलांनाच वाचायला लावावे. पोरे हुशार आहेत, एका बैठकीत शिकतात. मुलीने काही सांगितले तर तिचा फोन आणि तिची शाळा जाणार नाही, एवढा शब्द मात्र आई-बापांसमोर आधी घेऊन ठेवावा.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. कोयते गावात असतात ते जानेवारीतल्या सभेला. त्या दिवशी सुट्टी नसते, गाळप चालू असते, म्हणून त्यांच्या वतीने स्थानिक कार्यकर्त्यांनी अर्ज द्यावा. अर्ज मराठीत लिहावा, दोन प्रती काढाव्यात आणि एकीवर पोच घ्यावी.